माउंट हॉथमचा घाट कॅरव्हॅन घेऊन: ब्रेक कंट्रोलर निवडण्यापासून हॅरिएटव्हिलच्या उतारापर्यंत

मेलबर्नमधल्या आपल्या मराठी मंडळींत कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, घेणारे आता बरेच झालेत. बहुतेकांची पहिली सहल समुद्राकडे सपाट रस्त्याने होते आणि तिथे कुठलाही ब्रेक कंट्रोलर, म्हणजे गाडीतून कॅरव्हॅनचे ब्रेक लावणारं उपकरण, चांगलाच वाटतो. त्याची खरी परीक्षा उतारावर होते. म्हणून ग्रेट अल्पाइन रोडने बेर्न्सडेल, ओमिओ, माउंट हॉथम आणि ब्राइट असा प्रवास करून आल्यावर हे सविस्तर लिहितोय. याच वाटेने जाणार असाल, किंवा नवा कंट्रोलर बसवायचा विचार असेल, तर उपयोग होईल.

आधी नियम. ऑस्ट्रेलियात गाडीमागे ओढायच्या वाहनाच्या चाकांवर पडणारं वजन, म्हणजे जीटीएम, ७५० किलोपर्यंत असेल तर त्याला स्वतःचे ब्रेक लागत नाहीत. ७५० ते २,००० किलोला किमान एका ॲक्सलच्या (दोन चाकं जोडणाऱ्या आसाच्या) दोन्ही चाकांना ब्रेक लागतात. २,००० च्या वर सगळ्या चाकांना ब्रेक हवेत, शिवाय कॅरव्हॅन गाडीपासून सुटली तर आपोआप लागणारी ब्रेकअवे यंत्रणा हवी, आणि ते ब्रेक किमान १५ मिनिटं धरून राहायला हवेत. आमची कॅरव्हॅन दोन ॲक्सलची, दोन टनांच्या वरची. त्यामुळे इलेक्ट्रिक ब्रेक आणि गाडीत कंट्रोलर याला पर्यायच नव्हता.

हे ब्रेक चालतात कसे ते समजून घ्या, म्हणजे निवड सोपी होते. प्रत्येक चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या ड्रमच्या आत एक विद्युतचुंबक असतो. कंट्रोलरने वीज सोडली की तो फिरत्या ड्रमला चिकटू पाहतो, ड्रमबरोबर थोडा ओढला जातो आणि त्या ओढीने ब्रेक शू (घर्षणाच्या पट्ट्या) ड्रमवर दाबले जातात. जितकी वीज जास्त तितकी पकड घट्ट. एका चाकाला साधारण ३ ते ४ अँपिअर लागतात, म्हणजे चार चाकांना बारा ते सोळा. ही वीज कधी आणि किती सोडायची एवढंच कंट्रोलरचं काम, आणि सगळा फरक त्यातच आहे.

टाइम-डिले प्रकाराचे जुने, स्वस्त कंट्रोलर ब्रेकचा दिवा लागला की ठरवलेल्या गतीने वीज वाढवत नेतात. तुम्ही पाय हळूच टेकवलाय की जीव खाऊन दाबलाय, हे त्यांना कळत नाही. प्रपोर्शनल प्रकारात वेग किती झपाट्याने कमी होतोय हे आतला सेन्सर ओळखतो आणि त्याच प्रमाणात मागचे ब्रेक लावतो. सपाट रस्त्यावर टाइम-डिलेने भागतं. पण घाटात दर वळणाला वेगळा ब्रेक लागतो, आणि तिथे एकतर कॅरव्हॅन मागून ढकलते किंवा गरज नसताना हिसका देते. माझं मत स्पष्ट आहे: कुटुंब घेऊन डोंगरात जाणार असाल तर प्रपोर्शनलच घ्या. इथे पैसे वाचवू नका.

आम्ही रेडआर्कचा टो-प्रो एलिट निवडला. ही दक्षिण ऑस्ट्रेलियातली कंपनी. मुख्य डबी डॅशबोर्डच्या आत कुठेही, कशीही बसवता येते, बाहेर दिसतो फक्त एक नॉब. दुसरा तगडा पर्याय टेकॉन्शाचा पी३. त्याला छोटा स्क्रीन आहे आणि ताकद किती जातेय, जोडणीत बिघाड आहे का, हे त्यावर दिसतं. कॅरव्हॅन जड असेल तर मागचे ब्रेक लवकर आणि जोरात लागावेत म्हणून बूस्टची सोयही आहे. मात्र ती अख्खी डबी ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशी लटकते, आणि ती गाडीच्या दिशेला समांतर बसवावी लागते. प्लगची वायरिंग असली तर पी३ एका गाडीतून काढून दुसऱ्या गाडीत लावता येतो. गाडी लवकरच बदलणार असाल तर याचा विचार जरूर करा. कॅरव्हॅनवरच बसणारे, ब्लूटूथवर चालणारे कंट्रोलरही मिळतात. एकच कॅरव्हॅन दोन-तीन घरांत फिरत असेल तर ते सोयीचे पडतात. घ्याल ते घ्या, पण मागचे ब्रेक हाताने लावायचं बटण रस्त्यावरची नजर न हटवता सापडलं पाहिजे. दुकानात विचारायच्या प्रश्नांत हा पहिला ठेवा.

टो-प्रोमध्ये मला सगळ्यात आवडली ती दोन पद्धतींची सोय. एरवी तो प्रपोर्शनल चालतो. दुसऱ्या पद्धतीत मात्र पेडलला पाय लागला की नॉबवर ठरवलेली ताकद लगेच मिळते. कच्च्या रस्त्यावर अगदी हळू उतरताना वेगात फारसा फरक पडत नसल्याने सेन्सरला काही जाणवत नाही, तिथे ही पद्धत कामाला येते.

बसवायचं काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. बॅटरीपासून येणारी वायर पुरेशी जाड हवी आणि चार ब्रेकसाठी ३० अँपिअरचा सर्किट ब्रेकर हवा. वायर बारीक असेल तर चुंबकापर्यंत पूर्ण दाबाने वीज पोचतच नाही, मग महागातला कंट्रोलरही दुबळा वाटतो. गाडी आणि कॅरव्हॅनची वायरिंग जोडणाऱ्या इथल्या चपट्या प्लगमध्ये ब्रेकची वायर निळी असते आणि पाच नंबरच्या पिनला येते. कॅरव्हॅन भाड्याने घेणार असाल तर तिचा प्लग ७ पिनचा की १२ पिनचा, हे बुकिंग करतानाच विचारा आणि ॲडॅप्टर जवळ ठेवा.

आता प्रवास. मेलबर्नहून प्रिन्सेस हायवेने बेर्न्सडेल साधारण २८० किलोमीटर, सरळसोट. हा टप्पा ब्रेक जुळवायला वापरा. घरून निघताना कॅरव्हॅनमध्ये जेवढं सामान आणि पाणी आहे, त्याच वजनावर जुळवणी झाली पाहिजे. रिकाम्या कॅरव्हॅनवर केलेली भरलेल्या कॅरव्हॅनला चालत नाही. आधी थोडं चालवून ब्रेक जरा गरम होऊ द्या. मग मोकळा, सपाट, कोरडा रस्ता बघून ताशी ४० च्या आसपास फक्त हाताचं बटण दाबा. कॅरव्हॅनने गाडीला मागून ठामपणे धरलं पाहिजे, पण चाकं लॉक होता कामा नयेत. लॉक होण्याच्या जरासं अलीकडे नॉब ठेवा. पाऊस लागला किंवा खडी आली की एखादा आकडा कमी करा.

बेर्न्सडेलनंतर ब्रुथेन, आणि तिथून रस्ता टॅम्बो नदीच्या खोऱ्यात शिरतो. एन्से, स्विफ्ट्स क्रीक अशी लहान गावं, नदीकाठाने वळणं घेत जाणारा अरुंद रस्ता. मागे वाहनं साठली की बाजूला थांबायच्या जागा येतात, तिथे थांबून त्यांना पुढे जाऊ द्या. ओमिओला मुक्काम करा. लिव्हिंगस्टोन क्रीकच्या काठी छान कॅरव्हॅन पार्क आहे, आणि जवळच ओरिएंटल क्लेम्सच्या जुन्या सोन्याच्या खाणींच्या पायवाटा मुलांना फार आवडतात. डिझेलची टाकी इथेच भरा.

सोबत बाबा होते, साताऱ्याहून आलेले. त्यांची उभी हयात एसटी चालवण्यात गेली. कंट्रोलरचा नॉब त्यांनी फिरवून पाहिला, दाबून पाहिला आणि म्हणाले, "हे ठीक आहे रे, पण उताराला गिअर कुठला टाकणार ते सांग." खंबाटकीत गाडी ज्या गिअरमध्ये चढते त्याच गिअरमध्ये उतरवायची, हा त्यांचा धडा. हॉथमलाही तोच लागू पडतो. ब्रेक कंट्रोलर कितीही हुशार असला तरी कॅरव्हॅनच्या चाकात शेवटी ड्रमच आहेत. ते तापले की पकड सैल होते, आणि मग कितीही वीज सोडा.

ओमिओ ते डिनर प्लेन चढ आहे, पण इंजिनाला झेपतो. हॉथमच्या वर रस्ता कड्यावरून जातो. बाजूने बर्फात रस्ता कळावा म्हणून रोवलेले नारिंगी खांब, आणि बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. स्वच्छ दिवस असेल तर उजवीकडे माउंट फेदरटॉप दिसतो, १,९२२ मीटरचा, व्हिक्टोरियातला दुसरा उंच डोंगर. २००३ च्या वणव्यात जळालेल्या स्नो गम झाडांचे पांढरे सांगाडे अजून उभे आहेत. वर थांबलात तर फोटोबरोबर दोन कामं करा: प्लग नीट बसलाय ना ते हाताने बघा, आणि ब्रेकअवेची तार (कॅरव्हॅन सुटली की हिच्या ओढीने पिन निघते आणि ब्रेक लागतात) कुठे अडकली नाहीये ना तेही.

तिथून हॅरिएटव्हिल साधारण ३० किलोमीटर, आणि तेवढ्यात रस्ता सुमारे १,३०० मीटर खाली येतो. आम्ही गाडी ऑटोमॅटिक असूनही हाताने दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवली. वेग वाढतोय वाटलं की ब्रेक थोडा वेळ पण नेटाने दाबायचा, वेग पुरेसा उतरला की पाय पूर्ण काढायचा. पाय पेडलवर टेकवून ठेवला की पुढचे-मागचे दोन्ही ब्रेक तापत राहतात. वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच वेग कमी करा. हॅरिएटव्हिल जवळ आल्यावर द मेग नावाचं तीव्र उताराचं वळण लागतं. घाट संपला असं वाटून पाय सैल पडतो नेमका तिथेच, म्हणून त्याच्या आधीच एक गिअर खाली या. प्रपोर्शनल कंट्रोलरचा फायदा इथे अंगाला जाणवला. हलका ब्रेक लावला की मागूनही हलकाच, जोर वाढवला की मागूनही तेवढाच. मागच्या सीटवर मुलगी झोपलेली होती, ती जागी झाली नाही.

कॅरव्हॅन डोलायला लागली तर पुढचे ब्रेक जोरात दाबू नका आणि वेग वाढवून सरळ करायचा प्रयत्नही नको. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि फक्त कॅरव्हॅनचे ब्रेक बटणाने हळूच लावा. मुळात डोलू नये म्हणून कॅरव्हॅनच्या वजनाच्या साधारण दहा टक्के भार टो बॉलवर, म्हणजे गाडीमागच्या जोडणीच्या गोळ्यावर, राहील असं सामान लावा. जड वस्तू ॲक्सलच्या आसपास, खाली.

हॅरिएटव्हिलला पोचल्यावर पाय मोकळे करायच्या आधी चारही चाकांजवळ जा. हात ड्रमला न लावता जवळ नेऊन ऊब बघा, किंवा इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर त्याने मोजा. चारही साधारण सारखे गरम हवेत. एखादं गार लागलं तर त्याचा चुंबक किंवा वायर काम करत नाही. एखादंच फार तापलं असेल तर तिथले शू घासत राहिलेत. दोन्ही बाबतीत पुढे निघायच्या आधी दाखवून घ्या. नवे ब्रेक असतील तर पहिल्या ३०० किलोमीटरनंतर शू जुळवून घ्यावे लागतात, नंतर दर पाच हजारांनी.

ब्रेकअवेची चाचणी निघायच्या आधी घरीच करा. प्लग काढून ठेवा, मग ब्रेकअवेच्या तारेची पिन ओढा आणि गाडी हळूच पुढे घेऊन बघा. कॅरव्हॅन हलता कामा नये. प्लग जोडलेला असताना पिन ओढली तर कंट्रोलर खराब होऊ शकतो. पिन लगेच परत बसवा, नाहीतर ब्रेकअवेची छोटी बॅटरी उतरते.

हा मार्ग उन्हाळ्यातच करा. बर्फाच्या हंगामात चाकांच्या साखळ्या सोबत ठेवणं सक्तीचं असतं आणि कॅरव्हॅनसकट तिथे जाण्यात काही अर्थ नाही. वर ढग उतरलेले दिसले तर ओमिओला आणखी एक दिवस काढा. ब्राइटला नाताळच्या सुट्टीत जागा मिळत नाही, काही महिने आधी बुकिंग करा. परत येताना ब्राइटहून वँगरॅटाला उतरून ह्यूम फ्रीवेने या, त्या बाजूला घाट नाही.