‘मानसिक कणखरता कमी’ या शेऱ्यानंतर

रग्बीच्या निवड चाचणीच्या कागदावर माझ्या एका खेळाडूच्या नावापुढे ‘मानसिक कणखरता कमी’ एवढाच शेरा आला. कुठे कमी पडली, कधी, काय सुधारायचं, काहीच नाही. विचारायला गेले तर ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून वाटेला लावलं. त्या कागदाचा राग अजून गेलेला नाही. १५ वर्षांच्या मुलीवर शिक्का मारायचा आणि मोकळं व्हायचं!

धाडस तिच्यात भरपूर होतं. कबड्डीतून आलेली पोरगी, टॅकलला कधी कचरली नाही. घोडं अडायचं ते बॉल सुटल्यावर. नॉक-ऑन झाला, म्हणजे बॉल हातातून पुढे सुटला, की मान खाली, नजर कडेला उभ्या वडिलांकडे, आणि तिथून आरडाओरडा. सेव्हन्समध्ये, म्हणजे सात जणींच्या रग्बीत, हे फार महागात पडतं, कारण ट्राय करणारा (गोलरेषेपलीकडे बॉल टेकवून गुण घेणारा) संघच पुन्हा किक मारतो. आपल्यावर ट्राय झाला की थोड्याच वेळात उंच बॉल आपल्याच अंगावर येतो. सात मिनिटांच्या हाफमध्ये रुसायला वेळ कुठला?

न्यूझीलंडचे ऑल ब्लॅक्ससुद्धा २००७ च्या विश्वचषकात कार्डिफला फ्रान्सकडून १८-२० हरले होते. मग दडपणाखाली तापलेलं ‘लाल’ डोकं ‘निळं’, म्हणजे शांत, कसं करायचं, यावर त्यांनी मेहनत घेतली. २०११ ची फायनल त्याच फ्रान्सविरुद्ध ८-७ अशी काढली. सरावाने येणारी गोष्ट आहे ही.

आमचंही रोज तेच. आधी दमवायचं, मग उंच बॉल. सुटला तर बुटाचे स्टड गवतात रोवायचे, श्वास सोडायचा, ‘पुढचा!’ ओरडायचं आणि जागेवर पळायचं. ती ‘पुढचा’ पुटपुटायची आणि वर ‘सॉरी ताई’ म्हणायची. ते सॉरी आधी बंद केलं. सराव सामना ०-७ पिछाडीवरून सुरू करायचा, एक मुलगी पिवळ्या कार्डावर बाहेर, दोनच मिनिटं बाकी. तरी मॅचमध्ये नजर कडेला जायचीच. शेवटी पालकांनाच सरावाला बोलावलं, म्हटलं, ओरडा हवं तेवढं. त्या गोंगाटात बॉल घेता घेता तिची मान हळूहळू वर राहायला लागली.

पुढच्या चाचणीत पहिलाच बॉल सुटला. स्टड रोवले, मोठ्याने ओरडली, आणि नंतरच्या किकवर दोघींच्या वरून उडी मारून बॉल घेतला. यादीत नाव लागलं. ऊर भरून आला माझा.

एक राहिलंच. डोक्याला मार लागला तर तिथे कणखरपणा नको. खेळाडू ‘मी ठीक आहे’ म्हणाली तरी लगेच बाहेर काढा, त्या दिवशी परत उतरवू नका, डॉक्टरांना दाखवा.