दवाखान्याचं प्रगतिपत्रक आम्ही भरलं

उपकेंद्रांची आता आयुष्मान आरोग्य मंदिरं झाली आणि तिथे जन आरोग्य समित्या, म्हणजे दवाखान्याच्या कारभारात गावच्या लोकांना घेणाऱ्या समित्या, बसवायचं काम चालू आहे. आमच्या तालुक्यातल्या ज्या बायकांची नावं त्यात गेली, त्या भेटल्या की विचारतात, "ताई, तुमच्या वेळी दवाखान्यावर लक्ष कसं ठेवलं होतं?" दरवेळी अर्धवट सांगून होतं, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

आमच्या वेळी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान होतं. ते २००५ साली सुरू झालं. सरकारी दवाखान्यांवर लोकांनी लक्ष ठेवायचं, ही तरतूद त्यातच होती. २००७ पासून नऊ राज्यांत त्याचा प्रयोग झाला. महाराष्ट्रात पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद या जिल्ह्यांपासून सुरुवात झाली आणि राज्याचं काम पुण्याच्या 'साथी' संस्थेकडे होतं. कागदोपत्री नाव 'लोकाधारित देखरेख व नियोजन'. आमच्या पुणे जिल्ह्याच्या डोंगराकडच्या पट्ट्यात त्याला सगळे 'देखरेखीची मिटिंग' म्हणायचे. मी ग्रामपंचायत सदस्य असल्यामुळे गावच्या आरोग्य समितीवर माझं नाव आधीपासून होतं म्हणे. मला ते मिटिंगला गेल्यावर कळलं. समितीच्या खात्यात वर्षाला १०,००० रुपये येतात, हेही तिथेच कळलं.

पहिली मिटिंग ग्रामपंचायतीत झाली आणि फुकट गेली. "दवाखान्याबद्दल काय अडचणी आहेत?" असं विचारलं की माणसं काय सांगणार? एकाने रस्ता मागितला, एकाने घरकुल. "चांगला डॉक्टर द्या" यावर सगळ्यांचं एकमत. बायका दाराशी बसल्या होत्या, त्यांना कुणी विचारलंच नाही.

मग संस्थेच्या कार्यकर्तीने वाडीवर वेगळी बैठक घेतली, दुपारी भांडी आवरल्यावर, देवळाच्या ओट्यावर. तिथे प्रश्नच निराळे होते. सिस्टर मागच्या महिन्यात कुठल्या वारी आल्या? गरोदर बाईचं वजन केलं का? रक्तदाब बघितला का? आडवं झोपवून पोट तपासलं, की बसल्या जागी विचारून कार्डावर लिहिलं? बाळंतपणाचे जननी सुरक्षा योजनेचे ७०० रुपये कधी हातात पडले? अशा प्रश्नांना उत्तर 'हो' किंवा 'नाही' येतं आणि ते शेजारणीसमोर द्यायचं असल्यामुळे खोटं फारसं चालत नाही. एक म्हणाली, "माझं पोट तपासलंच नाही." लगेच दुसरी म्हणाली, "तुझं नाही, माझं तपासलं. तू त्या दिवशी भात लावायला गेली होतीस." अशी उलटतपासणी कुठल्या अधिकाऱ्याला जमली नसती.

या उत्तरांवरून पत्रक भरायचं. काम ठीक असेल तर हिरवा रंग, मधलं असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. लसीकरणाला हिरवा द्यायला कुणी हरकत घेतली नाही, कारण आमच्या सिस्टर पावसात ओढा ओलांडून यायच्या हे सगळ्यांनी बघितलेलं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या औषधांवर मात्र तासभर वाद चालला. गावातले एक मोठे शेतकरी म्हणत होते, लाल नको, डॉक्टर दुखावतील, उद्या आपल्यालाच जावं लागतं.

तो वाद एका मावशींनी संपवला. त्यांनी कमरेची चंची सोडली आणि आतून चिठ्ठ्या काढल्या. घामाने मऊ पडलेल्या, चार घड्या घातलेल्या. बाहेरच्या मेडिकलमधून औषध आणा म्हणून दवाखान्यातून लिहून दिलेल्या, सोबत बिलंही टाचलेली. नातवाच्या खोकल्यासाठी अमॉक्सिसिलीन बाहेरून आणलेलं होतं. कार्यकर्तीने तारीख उतरून घेतली. पुढे समितीने केंद्रात जाऊन साठ्याचं रजिस्टर मागितलं, तर त्या तारखेला तेच औषध शिल्लक दाखवलेलं.

त्या चिठ्ठीमुळे जनसुनवाईत, म्हणजे लोकांनी अधिकाऱ्यांसमोर तक्रारी मांडायच्या जाहीर सभेत, आमचं पारडं जड झालं, असं मला अजून वाटतं. तालुक्याच्या गावी मांडव, वर तालुका आरोग्य अधिकारी, जिल्ह्याचे साहेब, एक पत्रकार, बाहेरगावचे एक डॉक्टर. मावशींनी भाषण केलं नाही. चिठ्ठी, बिल आणि रजिस्टरची नक्कल टेबलावर ठेवली आणि "आता तुम्हीच वाचा" म्हणून जागेवर जाऊन बसल्या. वैद्यकीय अधिकारी गर्दीचं कारण सांगत होते, पण तारखेपुढे बोलायला काही उरलं नाही. तिथल्या तिथे ठरलं: औषधसाठ्याचा फलक भिंतीवर लागेल, दर आठवड्याला बदलेल, आणि बाहेरची चिठ्ठी द्यायची तर केसपेपरवर कारण लिहायचं. फलक लागला. चिठ्ठ्या बंद झाल्या नाहीत, पण खूपच कमी झाल्या.

कर्मचाऱ्यांना सुरुवातीला हा प्रकार आपल्याविरुद्धचा कट वाटला. सिस्टर माझ्याशी बरेच दिवस नीट बोलत नव्हत्या. आदिवासी आणि डोंगरी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र असा निकष. पण सिस्टरांकडे शेजारच्या रिकाम्या उपकेंद्राचाही भार, आणि जायला गाडी नाही. जनसुनवाईत आम्ही रिक्त पदाचा मुद्दा त्यांच्या नावाने नाही, गावाच्या नावाने मांडला. तेव्हापासून त्या मिटिंगला स्वतःहून यायला लागल्या.

नियोजनाबद्दल फार कुणी बोलत नाही, पण मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं. त्या काळी प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समितीचा निधी, गरजेप्रमाणे खर्चायचा अबंधित निधी आणि देखभालीचे पैसे मिळून वर्षाला १,७५,००० रुपये यायचे. ते पडदे, रंग आणि खुर्च्यांवर जायचे. लोकांना विचारल्यावर यादी पार बदलली. बाळंतिणीला गरम पाणी. सोबत आलेल्या बाईला रात्री जायला कडी लागणारा संडास. बाहेर ताटकळणाऱ्यांसाठी सावली आणि बाक. आमच्या एका मागणीला तर एक रुपयाही लागला नाही: सकाळची ओपीडी साडेबाराला संपायची आणि वरच्या वाड्यांची एसटी त्याच सुमारास पोचायची. बाजाराच्या दिवशी वेळ वाढवून मिळाली. एसटीचं वेळापत्रक पुण्या-मुंबईत बसून आरोग्य खात्याला कसं कळणार?

जे झालं नाही तेही सांगते. रिकामी पदं भरली गेली नाहीत. ती ना समितीच्या हातात, ना तालुक्याच्या. ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ आला नाही. असले प्रश्न वर पाठवत राहायचे, पण त्यांच्यासाठी खालची कामं अडवून धरायची नाहीत.

तेव्हा बायांनो, समितीवर नाव आलंच आहे तर ठरावाची प्रत मागून घ्या, खात्यात किती पैसे आहेत ते विचारा, आणि पासबुक कुणाच्या घरात आहे तेवढं आधी शोधा. आमचं एका माजी सदस्याच्या कपाटात निघालं होतं.