शॉवरला प्रेशर नाही म्हणून पंप घ्यायला निघालो

बाथरूमचं काम काढलं तेव्हा हौसेनं आठ इंची रेन शॉवर घेतला. बसवल्यावर पाणी यायचं ते मधल्या सात-आठ भोकांतून, तेही थेंब थेंब. मुलगा म्हणाला, "बाबा, हा शॉवर नाही, पिंडीवरची गळती आहे."

आम्ही पुण्यात, चौथ्या म्हणजे शेवटच्या मजल्यावर. टाकी डोक्यावरच आहे, मग तुम्हाला कसलं आलंय प्रेशर कमी, असं प्रत्येक पाहुणा म्हणतो. खरं तर टाकी जितकी जवळ तितकं प्रेशर कमी. टेप घेऊन गच्चीवर गेलो. टाकीचा चौथरा 90 सेंटीमीटर, स्लॅब 15, छतापासून शॉवरपर्यंत 80. म्हणजे टाकी रिकामी व्हायला आली की शॉवरवर पाण्याची उंची 1.85 मीटर, आणि काठोकाठ भरलेली असली तरी जेमतेम 3. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब धरतात. आमच्याकडे 0.2 ते 0.3 बार, आणि शॉवरच्या खोक्यावर लिहिलेलं, किमान 1 बार. ते खोकं मी आधी वाचायला हवं होतं, पण ते असो.

लगेच पंप घ्यायचा नाही, असं ठरवलं. 15 लिटरची बादली शॉवरखाली ठेवून मोबाइलवर वेळ लावली: 3 मिनिटं 40 सेकंद. मग शॉवर काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवला. टँकरच्या पाण्याचे क्षार जाळीत इतके बसले होते की सकाळी ते पांढऱ्या खपल्यांसारखे निघाले. गच्चीवरचा गेट व्हॉल्व्हही कुणीतरी कधीतरी अर्धा फिरवून ठेवलेला. तो पूर्ण उघडल्यावर बादली अडीच मिनिटांत भरली. फुकटात एवढं. पण रेन शॉवर काही "रेन" होईना.

दुकानदारानं ऐकायच्या आधीच सांगितलं, "साहेब, एक एचपी घ्या, डोक्याला ताप नाही." ताप त्यातच होता. मोठ्या पंपांत बरेचसे प्रेशर स्विचवाले असतात. लाइन कायम दाबाखाली ठेवतात आणि दाब उतरला की सुरू होतात. आमच्या फ्लशच्या टाकीचा वॉशर थोडा गळका. म्हणजे पंप रात्रभर चालू-बंद, चालू-बंद. दुसरा प्रकार फ्लो स्विचचा: नळ उघडून पाणी वाहू लागलं की सुरू, थांबलं की बंद. पण त्याला सुरू व्हायला आधी आपोआप थोडी धार लागते. आमच्याकडे ती होती.

आणखी एक गोष्ट पत्रकं चाळताना कळली. 'कमाल हेड 9 मीटर, कमाल डिस्चार्ज 25 लिटर' असं ठळक छापलेलं असतं. हेड म्हणजे पंप पाणी किती उंच चढवू शकतो ते, डिस्चार्ज म्हणजे मिनिटाला किती पाणी देतो ते. पण हे दोन्ही एकदम मिळत नाहीत. पूर्ण हेडला डिस्चार्ज शून्य. खालचा तो वाकडा आलेख बघायचा आणि आपल्याला लागणाऱ्या लिटरला किती मीटर उरतात ते शोधायचं.

खरा घोळ मात्र सोलरचा. मी फक्त गार पाण्याच्या लाइनला पंप लावणार होतो. आमच्या प्लंबरदादांनी गार-गरम पाणी एकत्र करणाऱ्या नळाकडे, मिक्सरकडे, बोट दाखवलं. "गारला दाब आणि गरमला नाही, तर मिक्सरमधून गार पाणी गरमच्या पाइपात घुसून उलटं सोलरच्या टाकीत जाईल. तुम्ही कुडकुडत उभे राहाल." मग सोलरच्या आधीच पंप लावू, म्हटलं. तेही नाही. आमचा सोलर काचेच्या नळ्यांचा, टाकीला हवेची नळी उघडी. तिला दाब सोसत नाही. म्हणून दोन्ही लाइनला सारखेच, एकेक छोटा इनलाइन, म्हणजे थेट पाइपातच बसणारा पंप, सोबत एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. गरमच्या लाइनचा पंप घेताना पाण्याचं तापमान किती चालतं ते तपासायचंच. उन्हाळ्यात सोलरचं पाणी हात भाजेल इतकं तापतं.

बसवल्यावर पहिल्या दिवशी गरमचा पंप मधमाश्यांचं पोळं छेडल्यासारखा गुणगुणायला लागला. दादांनी घाईत मोटारीचं तोंड आकाशाकडे ठेवलं होतं. या पंपांत आतलं पाणीच बेअरिंगला वंगणाचं काम करतं, म्हणून शाफ्ट, म्हणजे आतला फिरणारा दांडा, आडवा लागतो. उभा राहिला की वर हवा अडकते. फिरवून बसवला, मधला स्क्रू सैल करून हवा काढली, आवाज गेला.

दुसऱ्या दिवशी समोरच्या काकू दारात. "अरे, तुझी आंघोळ सुरू झाली की माझ्या बेसिनला नुसती हवा येते रे!" गारची डाउनटेक, म्हणजे टाकीतून खाली येणारी लाइन, दोन्ही फ्लॅटना एकच, आणि माझा पंप त्यांचंही पाणी ओढत होता. त्या बरोबर होत्या. सोसायटीच्या सेक्रेटरींना अर्ज दिला आणि टाकीपासून माझ्यासाठी स्वतंत्र एक इंची लाइन टाकून घेतली. खर्च पंपाच्या बरोबरीनं वाढला.

आता बादली 80 सेकंदांत भरते. मिनिटाला 11 लिटरच्या वर. दहा मिनिटं शॉवर घेतला तर 110 लिटर, आणि शहरी पाणीपुरवठ्यात माणशी दिवसाला 135 लिटर धरतात. हा हिशोब पंप बसल्यावर सुचला, हे कबूल करतो.

दोन्ही पंपांचे स्विच बाथरूमच्या बाहेर आहेत. मुलाची पाच मिनिटं झाली की मी ते बंद करतो. आतून लगेच आरोळी येते, "बाबा, गळती!"