मुक्या पट्ट्यांची पेटी

मी १९९२ ची दहावी बॅच. शाळेची आठवण लिहून पाठव असा मेसेज आला आणि डोळ्यापुढे आली ती आपली संगीताच्या खोलीतली पेटी. मधल्या सप्तकातले गंधार आणि पंचम मुके, भाता कितीही मारा, नुसती हवा फुसफुसायची. बाई गाणं वाजवता वाजवता तिथं आल्या की आमच्याकडे बघायच्या आणि तो सूर अख्ख्या वर्गानं गळ्यानं भरायचा, कच्चा लागला की परत पहिल्यापासून.

खूप वर्षांनी आर्वो पॅर्त या संगीतकाराबद्दल वाचलं तेव्हा मला हेच आठवलं. १९३५ चा जन्म, एस्टोनियातल्या राक्वेरे गावात वाढला. घरात जुना मोठा पियानो होता पण त्याचा मधला भाग खराब, म्हणून हा पोरगा वरच्या आणि खालच्या टोकाच्या पट्ट्यांवरच वाजवत बसायचा. गावच्या चौकात लाउडस्पीकरवर रेडिओ लागायचा, तर तो ऐकायला म्हणून सायकलवर चौकाला फेऱ्यावर फेऱ्या. हे वाचून मला तो एकदम आपल्या वर्गातलाच वाटला हो.

पुढे मोठा संगीतकार झाला, १९६८ मध्ये 'क्रेडो'त उघड ख्रिस्तावरची श्रद्धा मांडली म्हणून सोव्हिएत राजवटीत ती रचना बंद पाडली. मग जवळजवळ आठ वर्षं फारसं काही लिहिलं नाही, चर्चमधलं जुनं ग्रेगोरियन गायन घेऊन बसला, वह्याच्या वह्या नुसत्या एकेरी सुरावटींनी भरल्या. मला त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं, नाव झालेल्या माणसानं परत सरगमपासून सुरुवात करायची.

त्यातून १९७६ ला आलं 'फ्यूर अलीना', पियानोवरची रचना, जेमतेम दोन पानं. खाली एक खर्ज घुमत राहतो, वर उजवा हात शेजारशेजारच्या सुरांवरून चालतो आणि डावा हात त्याच्यासोबत ठरलेले तीनच सूर देतो, घंटा किणकिणल्यासारखे. मधलं सप्तक जवळपास रिकामं!

गेल्या दिवाळीत बाईंकडे गेलो होतो, आता फार बोलवत नाही त्यांना. मोबाईलवर हेच लावलं. डोळे मिटून ऐकत होत्या, हात मांडीवर. अर्ध्यावर खालच्या खर्जाला सा धरून त्यांनी अगदी हळू, मधल्या सप्तकातला पंचम लावला.