बीटलच्या इंजिनचं रबर सील

फोक्सवॅगनच्या एअर-कूल्ड बीटल गाडीला ना रेडिएटर ना कूलंट, सगळा भार पंख्याच्या हवेवर, आणि तो पंखा हवा ओढतो इंजिनच्या वरच्या कप्प्यातून, खाली तर तापलेला एक्झॉस्ट. मधली भिंत म्हणजे इंजिनभोवतीचा पत्रा आणि त्याच्या कडेचं हे रबर सील. ते फाटलं की खालची गरम हवा वर येते, पंखा तीच परत सिलिंडरवर मारतो, मग इंजिन तापणारच! इंजिन उतरवलेलं असतानाच सील बदला, ते बसतं त्या खाचेतला गंज घासून काढा, साबणाचं पाणी लावून हळूहळू सरकवत बसवा, पण ताणू नका, ताणलेलं रबर नंतर आकसतं आणि टोकाला फट राहते. इंजिन चढवताना पत्र्याची कड सीलच्या दोन्ही ओठांच्या मधेच बसलीय ना, टॉर्च मारून बघाच. आणि हो, स्पार्क प्लगच्या वायरवरची रबरी टोपणंही तपासा, तिथूनही हवा निसटते.