तुम्ही विचारलंत म्हणून: मुंबई-न्यूयॉर्क नक्की किती तास?

नाशिकमध्ये ज्यांची मुलं अमेरिकेत, त्या सगळ्यांचा प्रश्न एकच. अंतर विचाराल तर लगेच सांगतो: पृथ्वीच्या गोलावरून जवळच्या वाटेने साधारण 12,530 किलोमीटर. तासांचं तसं नाही. ही टाळाटाळ नव्हे.

आधी तिकीट नीट वाचा. त्यावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. पहाटे 2 ला मुंबई सोडून सकाळी 8 ला न्यूयॉर्क म्हणजे सहा तास नव्हेत. जानेवारीत न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे असतं, म्हणून त्यात साडेदहा मिळवायचे, झाले साडेसोळा. जुलैत साडेनऊच मिळवायचे, कारण मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं पुढे सरकतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात.

"मग येताना कमी वेळ कसा?" वारा. उंचावरचा जोराचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. विमानाचा वेग ताशी 900 किलोमीटर धरा. समोरून 100 चा वारा असेल तर 15 तास 40 मिनिटं, पाठीमागून असेल तर साडेबारा. प्रत्यक्षात वाऱ्याचा अंदाज बघून मार्ग वाकवतात, म्हणून एवढी तफावत पडत नाही.

पूर्वी मीही "सोळा तास" म्हणून मोकळा व्हायचो. विचारणाऱ्याला तेवढंच हवं असतं, हे मला आजही पटतं. पण 24 एप्रिल 2025 आठवा. पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. दिल्लीचंच उदाहरण घ्या: तिथून अमेरिकेची जवळची वाट वायव्येला, थेट त्यांच्या डोक्यावरून जाते. ती बंद झाल्यावर आपली विमानं आधी नैर्ऋत्येला, अरबी समुद्राकडे वळली आणि मग उत्तरेकडे गेली. लांबच्या वाटेला जास्त इंधन लागतं, आणि ते इंधन वाहून न्यायलाही इंधनच जळतं. शेवटी टाकी पुरेना, म्हणून काही विमानं व्हिएन्नाला उतरून इंधन भरू लागली. त्याच दिल्लीहून परदेशी कंपन्यांना मात्र पाकिस्तानवरून जायची मुभा होती. विमानतळ तेच, अंतर तेच, तास वेगळे. आता सांगा, कुठला आकडा देऊ?

आणि तुम्ही निघता नाशिकहून, हे कुणी धरतच नाही. इगतपुरी-आमणे टप्पा सुरू झाल्यापासून समृद्धी महामार्गाने कसारा घाट टळतो, पण पुढे भिवंडी आणि ठाण्यातल्या माजिवड्याची कोंडी आहेच. पहाटे 2 च्या विमानासाठी संध्याकाळी 6 ला घर सोडा. काउंटर उड्डाणाच्या निदान तासभर आधी बंद होतो. तिथे रडून उपयोग नसतो.

ओझरहून, म्हणजे नाशिकच्याच विमानतळावरून, दिल्लीमार्गे जाणार असाल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. वेगळी काढलीत तर दिल्लीत बॅगा घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं, आणि ओझरचं विमान लेट झालं तर पुढची कंपनी जबाबदारी घेत नाही. स्वस्त पडतात म्हणून वेगळी काढायचीच असतील, तर आदल्या दिवशी दिल्ली गाठा आणि मुक्कामाचा खर्चही हिशेबात धरा.