पिवळ्या धातूचं मंगळसूत्र

मंगळवार, रात्री पावणेबारा

ड्यूटीवरून आले, गणवेश खुंटीला लावला आणि कपाटाच्या आरशासमोर खुर्ची ओढून बसले. "आत येऊ का, सर?" हे वेगवेगळ्या आवाजात चार वेळा म्हणून पाहिलं. पाचव्या वेळी आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "ये की गं, दार उघडंच आहे."

सोमवारी मुलाखत. पूर्व झाली, मुख्य झाली, ग्राउंडही झालं. गोळा फेकताना खांदा दुखावला होता, तो अजून पावसाळी हवेत ठणकतो. आता उरले ते पीएसआयच्या, म्हणजे फौजदारकीच्या, मुलाखतीचे ४० गुण. नऊ वर्षं शिपाई म्हणून काढली, त्यातली दोन मुद्देमाल कारकून म्हणून. तरी या ४० गुणांची जेवढी धास्ती वाटते तेवढी कधी रात्रीच्या गस्तीची वाटली नाही.

भाचीनं फोनवर विचारलं, "मामी, तू आता डिटेक्टिव्ह होणार?" तिला सांगितलं, बाई, आपल्याकडे डिटेक्टिव्हची वेगळी भरती नसते. आधी फौजदार व्हायचं, ठाण्यात मिळेल तो तपास करायचा. हात चांगला बसला की कुणीतरी डीबीत घेतं, डीबी म्हणजे डिटेक्शन ब्रँच. जिल्ह्यात असलीस तर एलसीबी, म्हणजे स्थानिक गुन्हे शाखा, शहरात असलीस तर गुन्हे शाखा. तिचा उत्साह मावळला. कोट आणि भिंग नाही म्हणजे काय!

मला मात्र तेच हवंय. शिपायाच्या नावावर तपास नसतो. आजवर तपास साहेबांचा आणि टायपिंग माझं, असंच चालत आलंय.

बुधवार

बंदोबस्त. घरी येऊन झोपले.

गुरुवार, संध्याकाळ

साप्ताहिक सुट्टी होती म्हणून एका अकादमीत सराव मुलाखतीला जाऊन आले. तीन जण बसले होते. पहिला प्रश्न, "पीएसआयच का?" मी म्हटलं, "नऊ वर्षं दुसऱ्यांचे तपास लिहून काढलेत, आता स्वतः करायचेत." तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. नंतर शेऱ्यात लिहून दिलं : उत्तर रोखठोक, समाजसेवेची आवड दिसली पाहिजे. थोडं हसावं.

बाहेर पोरापोरींची रांग होती आणि प्रत्येकाच्या तोंडी समाजसेवा होती. माझ्या पुढचा मुलगा तर "समाजाचं ऋण फेडायचंय" असं भिंतीकडे बघून पुटपुटत होता, परवचा म्हणावा तसा. त्याला हसायचा मला काय अधिकार? मीही बसमध्ये कलमंच पुटपुटत असते.

कलमांचं असं झालंय की बोटांना जुनीच सवय आहे. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले. खून ३०२ चा १०३ झाला, फसवणूक ४२० ची ३१८ झाली. एफआयआर १५४ खाली घ्यायचो, तो आता बीएनएसएसच्या, म्हणजे नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या, १७३ खाली. भारतीय दंड संहितेत ५११ कलमं होती, न्याय संहितेत ३५८. आकडा कमी झाला म्हणून पाठांतर कमी झालं असं नाही, कारण आता दोन्ही लक्षात ठेवावी लागतात. आमचे जुने हवालदार अजून "तीनशे दोनचा मॅटर" म्हणतात आणि लिहितात १०३. शिवी म्हणून 'चारसोबीस' मात्र तशीच राहणार. "अरे ए तीनशे अठरा" म्हटल्यावर कुणाला राग येणार?

काही बदल मनापासून पटले. साखळी हिसकावण्याला पूर्वी स्वतःचं कलमच नव्हतं. कधी चोरीचं ३७९ लावायचो, कधी जबरी चोरीचं ३९२, साहेब बदलले की कलम बदलायचं. आता ३०४ म्हणजे हिसकावणे, सरळ नाव घेऊन. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचा गुन्हा असेल तर न्यायवैद्यक तज्ज्ञानं जागेवर यायचं. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं. गेल्या महिन्यात मीच मोबाइल धरून उभी होते. दोन्ही पंच कपाटाकडे बघायचं सोडून कॅमेऱ्याकडे बघत होते, लग्नातल्या पाहुण्यांसारखे. एकानं तर केस नीट केले.

शुक्रवार, रात्र

खालच्या मजल्यावरच्या काकांकडे गेले होते. एएसआय, म्हणजे सहायक फौजदार, म्हणून निवृत्त झाले, निम्मी नोकरी डीबीत. काकू गवार निवडत होत्या, काका पलंगावर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "हं, मॅडम, बसा. झेंडेसाहेबांनी शोभराजला गोव्यात कसा पकडला?"

मी पाठ केलेलं सांगितलं. एप्रिल १९८६, पर्वरीचं ओ कोकेरो हॉटेल, दिल्लीच्या तिहार तुरुंगातून पळालेला कुख्यात खुनी चार्ल्स शोभराज, मुंबई पोलिसांचे निरीक्षक मधुकर झेंडे.

"हे झालं पेपरातलं. पकडला कसा?"

"सापळा लावून."

"सापळा कुणीही लावेल. समोर बसलेला माणूस तोच आहे हे कशावरून?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. झेंडेसाहेबांनी त्याला १९७१ मध्ये मुंबईत एकदा पकडलेला होता. पंधरा वर्षांनी तो चेहरा ओळखीचा होता. काका म्हणाले, "बघ. लोक पिस्तुलाची गोष्ट सांगतात. चेहरा लक्षात ठेवल्याची गोष्ट कुणी सांगत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही घडत नाही. पोरी, डिटेक्शनमध्ये बराचसा वेळ काहीच घडत नसतं."

मग पुढचा प्रश्न आला, ज्याला मी आठवडाभर टाळतेय. "तुमच्या नोकरीतला तपासाचा एखादा अनुभव सांगा."

मी म्हटलं, मंगळसूत्राचा सांगू का? काका लगेच, "तो नको. त्यात चूक तुझी आहे." काकूंनी गवारीतून मान वर केली, "कुठलं मंगळसूत्र?"

त्यांना सांगितलं ते इथेही लिहून ठेवते, म्हणजे मलाच कळेल सोमवारी ते तोंडातून बाहेर पडेल की नाही.

२०१९ ची गोष्ट. संध्याकाळी फिरायला निघालेल्या एका बाईंचं मंगळसूत्र मोटारसायकलवरच्या दोघांनी ओढलं. फिर्यादीत अडीच तोळे. डीबीनं दहा दिवसांत दोघांना उचललं. एकानं सांगितलं, खोलीवर ठेवलंय, काढून देतो. पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. तिच्यातला जेवढा भाग वस्तूपर्यंत नेऊन पोचवतो तेवढाच टिकतो, म्हणून आधी निवेदन पंचनामा करायचा आणि मग आरोपी पुढे, आपण पंचांसह मागे. पिठाच्या डब्यात हात घालून त्यानं ते बाहेर काढलं. काळ्या मण्यांमध्ये कणीक गच्च भरली होती.

साहेब सांगत होते, मी लिहीत होते. साहेब म्हणाले, "एक मंगळसूत्र, काळे मणी, दोन वाट्या." मी आपल्या मनानं एक शब्द वाढवला. सोन्याचे.

खात्यातल्या कुणालाही विचारा, जप्तीत सोनं कधी लिहीत नाहीत. पिवळ्या धातूचे, सोन्यासारखे दिसणारे, असं लिहायचं. हिरा असेल तर पांढरा चमकदार खडा. ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं आणि हसलेही होते, सरकारी भाषा म्हणून. त्या दिवशी फिर्यादीत सोन्याचं होतं, बाई रडून सांगत होत्या, म्हणून हातून लिहिलं गेलं.

दुसऱ्या दिवशी किमतीसाठी सोनाराला बोलावलं. लाखेचं सील फोडलं. त्यानं कसोटीचा काळा दगड काढला, वाटी त्यावर घासली, पिवळी रेघ उमटली. बाटलीतून तेजाबाचा एक थेंब सोडला. सोन्याची रेघ तशीच राहते. ही उकळल्यासारखी झाली आणि गेली. दगड पुन्हा काळा.

खोलीत कुणी बोलेना. सगळ्यांच्या मनात एकच, कागदावर सोनं आणि हातात पितळ, मग सोनं गेलं कुठे? आरोपीकडे, की आमच्याकडे? सीलवर पंचांच्या सह्या शाबूत होत्या म्हणून वाचलो.

फिर्यादी बाईंना बोलावून घेतलं. त्यांनी ओळखलं, मागचा हूक घरी दोऱ्यानं बांधलेला होता तो दाखवला. हेच माझं. मग सोनारानं सांगितलं. बाईंनी अंगठ्यानं वाटी दोनदा पुसली आणि म्हणाल्या, "दोन वर्षांपूर्वी पॉलिशला ह्यांनी नेलं होतं. आठ दिवस लागले होते."

बस. आम्ही सहा जण तर्क लढवत होतो आणि त्यांनी एका वाक्यात छडा लावला. मग हळूच विचारलं, "कागदावर नुसतं मंगळसूत्रच राहिलं तर नाही का चालणार?" नाही चालत. पुरवणी जबाब घ्यावा लागला. मीच टाइप केला.

तीन वर्षांनी केस उभी राहिली तेव्हा बचावाच्या वकिलांनी माझा तो एक शब्द धरला. साहेब पिंजऱ्यात बराच वेळ उभे होते. बाहेर आल्यावर रागावतील म्हणून मी खांबाआड थांबले होते. त्यांनी जवळ येऊन एवढंच विचारलं, "तू सोनार आहेस का?"

काकूंची गवार तशीच राहिली होती. म्हणाल्या, "आणि त्या बाईनं घरी जाऊन काय केलं?" काका म्हणाले, "तो आपल्या तपासाचा भाग नव्हे." काकू म्हणाल्या, "तुमचा नसेल."

शनिवार

सकाळी ठाण्यात दहा मिनिटं मोकळी मिळाली तेव्हा पाठ केलेली उत्तरं पुन्हा वाचली. 'माझा स्वभाव संयमी आहे.' खोटं. 'मला वाचनाची आवड आहे.' फॉर्मवर छंद म्हणून वाचन लिहिलंय हे खरं, पण मुक्त विद्यापीठाच्या बीएच्या इतिहासाच्या पुस्तकांनंतर मी धड एक पुस्तक संपवलेलं नाही. 'गणवेशाचं मला लहानपणापासून आकर्षण.' लहानपणी मला एसटीच्या कंडक्टरचं आकर्षण होतं, तिकिटाच्या पेटीमुळे.

सगळीकडे सोन्याचे, सोन्याचे, सोन्याचे. पेन घेतलं आणि खोडत गेले. वाचनाच्या जागी काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही. क्रोशाचे रुमाल विणते, पण पॅनलवरच्या वरिष्ठ अधिकाऱ्यापुढे रुमाल? खरं तर एक टाका चुकला की कुठल्या ओळीत चुकला ते मागे मागे जाऊन शोधावं लागतं, आणि ते मला जमतं. विचारलं तर हेच सांगेन.

मंगळसूत्राचाही निकाल लावला. अनुभव विचारला तर तोच सांगणार, शब्द माझा होता हेही सांगणार. काकांना खाली जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "गुण गेले तर माझ्याकडे रडत येऊ नकोस." मग जिन्यापर्यंत येऊन, "पण फिर्यादीचं नाव-गाव बोलू नकोस हां."

रविवार, रात्री

पंचनामा, वेळ २१.४० ते २१.५५ वा. ठिकाण : राहत्या घराची पुढील खोली. समक्ष पाहता येणेप्रमाणे वस्तू मिळून आल्या :

एक पारदर्शक फोल्डर, जुने, कोपरा फाटलेला. त्यात मुलाखतीचे पत्र, पदवीचे प्रमाणपत्र, अधिवास, जातवैधता, खात्याचे ना हरकत प्रमाणपत्र, प्रत्येकी मूळ व दोन झेरॉक्स. एक आधार कार्ड, फोटोतील महिला अर्जदारासारखी दिसते. एक आकाशी रंगाची सुती साडी, इस्त्री केलेली, पदराला पिन लावलेली. एक जोडी काळ्या चपला. एक पाण्याची बाटली. एक डबा, आत गोल आकाराचे तपकिरी पदार्थ सहा नग, शेंगदाण्याच्या लाडवांसारखे दिसणारे. अर्जदाराच्या गळ्यात एक मंगळसूत्र, काळे मणी, पिवळ्या धातूच्या दोन वाट्या.

पंच क्र. १ सासूबाई. वाचून दाखवले असता मजकूर बरोबर असल्याचे सांगतात, परंतु लाडू सात होते असे त्यांचे म्हणणे आहे.